वीतभर मोटारीचा इतिहास

मुंबईहून पुण्याकडे किंवा कोकणात सडकेने निघालेल्या प्रवाशाला पनवेल हे नाव वाटेत बहुधा भेटतेच. पुण्याचा द्रुतगती मार्ग पनवेलीजवळ कळंबोलीस सुरू होतो, आणि कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या पश्चिम किनाऱ्याच्या महामार्गाचा आरंभही पनवेलीसच होतो. गावाचे हे महत्त्व आजचे नव्हे. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईचा प्रवासी होडीने खाडीतून पनवेल बंदरास उतरत असे आणि तेथून घाटाची वाट धरीत असे. १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तेव्हापासून देशावरचा माल बैलगाड्यांत भरून घाट उतरू लागला. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, तेव्हा दूरचा पुष्कळसा व्यापार तिने ओढून नेला. परंतु बैलगाडी काही एका दिवसात थांबली नाही.

त्या बैलगाडीमुळे पनवेलीस एक विशेष धंदा भरभराटीस आला होता, तो गाडीची चाके करण्याचा. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलीची जी थोडी माहिती दिली आहे, तीत चाके बनविणे हा गावाचा मुख्य उद्योग असल्याचे म्हटले आहे. देशावरून आलेले गाडीवान परतताना येथील चाकांची जोडी घेऊन जात, असेही नमूद केले आहे. चाक करणे हे साधे सुतारकाम नव्हे. मधला तुंबा, त्यात ठोकून बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जुळविलेले पाटे, आणि या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव. ही धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करावयाची, विस्तवात लाल तापवून ती फुगली म्हणजे चाकावर चढवावयाची, आणि लागलीच पाणी ओतून थंड करावयाची. थंड होताना लोखंड आकसते आणि सगळे सांधे घट्ट बसतात. धाव किती लहान ठेवावी, हे ज्याला नेमके कळे तोच खरा कारागीर. माप चुकले तर चाक खिळखिळे होई, नाहीतर आरे वाकून जात.

गॅझेटियरमधील ते वाक्य मोलाचे आहे यात शंका नाही. पण तेवढ्यावरून पनवेलीचे चाक पुन्हा उभे करता येत नाही. तुंबा केवढा होता, आरे किती होते, धावेची रुंदी काय होती, यांपैकी काहीच त्यात नाही. एखादी वस्तू व्यवहारातून गेली म्हणजे तिच्याबरोबर तिची मापेही जातात, आणि मागे राहते ते केवळ नाव. ही हानी टाळण्याचा एक जुना उपाय म्हणजे प्रतिकृती. वस्तूचे प्रत्येक अंग एकाच प्रमाणात लहान करून केलेली प्रतिकृती म्हणजे त्या वस्तूचा हातात धरता येणारा लेखच होय. आजच्या विवेचनाचा विषय अशाच एका प्रतिकृतीचा आहे. मुंबई-पुणे रस्त्यावर आणि मुंबईच्या गल्लोगल्लीत जी मोटार दोन पिढ्यांनी पाहिली, त्या प्रीमियर पद्मिनीची प्लास्टिकची वीतभर प्रतिकृती कशी करावी, आणि ती करण्याचा खटाटोप का करावा, हे पाहावयाचे आहे.

प्रथम मूळ मोटारीविषयी. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला आणि १९४७ साली तेथून पहिली मोटार बाहेर पडली. आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार होता, त्यामुळे डॉज, प्लिमथ, डी सोटो ही नावे येथे रूढ झाली. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी संबंध जडला. १९५४ पासून कुर्ल्यास जोडल्या जाऊ लागलेल्या गोलमटोल फियाट ११०० ला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले. त्यात तुच्छतेपेक्षा लडिवाळपणाच अधिक होता. १९६४ साली त्या जातीचा नवा नमुना आला. त्याचा आकार चौकोनी वळणाचा होता आणि मागच्या बाजूस पंखांसारख्या लहान कडा होत्या. तीच मोटार १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. तिचे यंत्र चार नळकांड्यांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला जोडलेला. पुढची बैठक बाकासारखी सलग. मोटार विकत घ्यावयाची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे असे ते दिवस होते. त्यामुळे ती घरी आली म्हणजे तिला हार घालून पेढे वाटले जात. टॅक्सी म्हणून तर तिने मुंबईवर राज्यच केले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. टॅक्सीला वीस वर्षांच्या वयाची मर्यादा असल्यामुळे, २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

आता प्रतिकृतीच्या कलेकडे वळू. खेळणे आणि प्रतिकृती यांत एक मूलभूत भेद आहे. सावंतवाडीच्या चिताऱ्याने केलेली लाकडी बैलगाडी पाहून मूल हर्षभरित झाले की तिचे काम संपले. बैलाचे शिंग थोडे मोठे झाले तर कोणी जाब विचारीत नाही. प्रतिकृतीला मात्र मूळ वस्तूपुढे हिशेब द्यावा लागतो. अमेरिकेत जनरल मोटर्स या कंपनीच्या आश्रयाने १९३० साली मुलांकरिता एक स्पर्धा सुरू झाली होती. तीत नेपोलियनच्या काळातील राजेशाही घोडागाडीची प्रतिकृती मुलांनी स्वतःच्या हाताने घडवावयाची असे. लाकूड कोरणे, धातू घडविणे, कापड शिवणे, रंग देणे, अशी सर्व कामे एकाच मुलाने करावयाची. उत्कृष्ट काम करणाऱ्यास उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. हात आणि डोळा यांचे शिक्षण हेही शिक्षणच, ही तिच्यामागील दृष्टी होती.

अशी घोडागाडी पुरी करावयास महिनोन्‌महिने लागत. प्लास्टिकने हे काम सामान्य घराच्या आवाक्यात आणले. पॉलिस्टायरीन नावाचे प्लास्टिक तापविले असता पातळ होते. मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरले असता कानाकोपऱ्यात शिरते, आणि थंड होताच साच्याची बारीकातली बारीक रेघ आपल्या अंगावर घेऊन बाहेर येते. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली लंडनमध्ये एअरफिक्स ही कंपनी स्थापिली, ती रबरी खेळण्यांसाठी. मग ती कंगवे करू लागली. १९४९ च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना दाखविण्यासाठी तिने त्या ट्रॅक्टरची प्लास्टिकची प्रतिकृती केली, आणि १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ या जुन्या जहाजाचा सुटा संच दोन शिलिंगांना विकावयास काढला. घरी नेऊन तुकडे जोडावयाचे आणि जहाज उभे करावयाचे! जहाजामागून विमाने आली, मोटारीही आल्या. अमेरिकेत एएमटी ही कंपनी १९४८ पासून मोटारविक्रेत्यांसाठी नव्या मोटारींच्या लहान प्रतिकृती करीत होती. १९५८ पासून तिने १:२५ या प्रमाणाचे मोटारींचे सुटे संच बाजारात आणले. एकाच संचातून एकाच मोटारीची तीन निरनिराळी रूपे करता येत, त्यामुळे मुलांच्या त्यांवर उड्या पडल्या.

जपानचे उदाहरण पनवेलीच्या दृष्टीने अधिक विचार करावयास लावणारे आहे. शिझुओका या गावी लाकूडकामाची परंपरा होती. तेथे १९४६ साली तामिया नावाची एक पेढी लाकडाच्या धंद्यात उतरली. लवकरच ती जहाजांचे आणि मोटारींचे लाकडी संच करू लागली. आणि लाकडाची जागा प्लास्टिक घेत आहे असे दिसताच तिने १९६० साली आपला पहिला प्लास्टिकचा संच काढला. आज प्लास्टिकच्या मोटारींच्या संचांत त्या पेढीचे नाव जगभर आदराने घेतले जाते. सुताराच्या मापाची शिस्त तेथे नव्या पदार्थात उतरली. पनवेलीच्या चाकाच्या मापाची शिस्त मात्र चाकाबरोबरच संपली. वस्तुतः कच्च्या मालाची वाण आपल्याकडे नाही. पनवेलीहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच, नागोठण्याजवळ आमडोशी येथे, १९९५ पासून पॉलिस्टायरीनचा मोठा कारखाना चालू आहे. अडचण पदार्थाची नसून साच्याची आहे. पोलादी साचा खोदण्यास अफाट खर्च येतो, आणि परदेशी कारखाने साहजिकच आपापल्या देशात खपतील अशाच मोटारी निवडतात. पद्मिनीसारख्या मोटारीची खेळणी आपल्याकडे पुष्कळ झाली. परंतु तिची काटेकोर प्रतिकृती ज्याला हवी, त्याने ती बहुतेक स्वतःच्या हातानेच करावी, हे बरे.

हे काम आरंभी वाटते तेवढे दुर्घट नाही. मात्र त्यात क्रम पाळावा लागतो. पहिली पायरी मोजमापाची. पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर २३४० मिलिमीटर आहे. १:२४ हे प्रमाण धरले तर ते साडेसत्त्याण्णव मिलिमीटर होते, आणि सुमारे चार मीटरांची मोटार वितीपेक्षाही आखूड होऊन हातात मावते. कोठे एखादी मूळ मोटार उभी असेल, तर मालकाच्या अनुमतीने फीत लावून काचांची उंची, दारांची रुंदी, दिव्यांमधील अंतर ही सर्व मापे टिपून घ्यावी. पुस्तकातील इटालियन छायाचित्रांवर विसंबणाऱ्याची येथे फसगत होते. तेथे सुकाणू डाव्या बाजूस, आपल्याकडे उजव्या. पुढच्या फळीवरील तबकड्याही त्याबरोबर बाजू बदलतात.

दुसरी पायरी साच्याची. येथे पुन्हा सुताराचीच विद्या कामास येते. मऊ लाकडाचा ठोकळा घेऊन त्यातून मोटारीच्या अंगाचा आकार तासावयाचा, पॉलिश कागदाने गुळगुळीत करावयाचा, आणि तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा त्यावर दाबून किंवा खालून हवा ओढून घेऊन बसवावयाचा. पत्र्याला जाडी असते, म्हणून ठोकळा तेवढ्याने लहान ठेवावा लागतो. धाव किंचित लहान ठेवणारा पनवेलीचा कारागीर हा नियम ऐकून हसला असता. त्याला तो कोणी शिकवावा लागला नसता. पत्रा थंड झाल्यावर काचांच्या जागा कोरून काढावयाच्या; तळ, बैठकी आणि यंत्र निराळे करून आत बसवावयाचे. प्लास्टिक जोडण्याचे द्रव खळीसारखे चिकटत नाही. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकमेकींत मिसळते, म्हणून सांधा पक्का होतो. पण त्याचाच एक थेंब दर्शनी भागावर सांडला तर तेथील आकार कायमचा बिघडतो. उतावळ्या हाताला येथे पहिला धडा मिळतो.

तिसरी पायरी बारकाव्यांची, आणि प्रतिकृतीचा खरा कस येथेच लागतो. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण येथे गणिताच्या रूपाने प्रत्ययास येते. मोटारीचा खरा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो. प्रतिकृतीची भिंत तेवढ्याच जाडीची ठेवली, तर मूळ मोटारीच्या मापाने ती चोवीस मिलिमीटर जाड झाली! म्हणून चाकांवरच्या कमानींच्या कडा आतून घासून धारेसारख्या पातळ करावयाच्या, की पाहणाऱ्यास पत्र्याचा भास व्हावा. दार आणि अंग यांमधील चार मिलिमीटरांची फट प्रतिकृतीत मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढी होते. तीत पातळ केलेला काळा रंग सोडला की फट आपोआप उठून दिसते. यंत्राच्या प्लगांना जाणाऱ्या तारा केसापेक्षा थोड्याच जाड असाव्या लागतात. रंगाचा थर तर सर्वांत फसवा. एक दशांश मिलिमीटरचा थर बसला तरी मूळ मापाने तो अडीच मिलिमीटरांच्या जवळ जातो, आणि कोरलेल्या सर्व रेघा बुजून जातात. म्हणून रंग पातळ करून, वाळू देऊन, पुन्हा पुन्हा द्यावयाचा.

टॅक्सी करावयाची असेल तर पिवळा आणि काळा या रंगांचा क्रम महत्त्वाचा. पिवळा रंग काळ्यावर झाकत नाही. तो मळकट दिसतो. म्हणून आधी पांढरा हात, मग छताचा पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर कागदी चिकटपट्टीने झाकून शेवटी खालचा काळा. परंतु रंगाहून मोठा प्रश्न सालाचा आहे. पद्मिनी टॅक्सी ही एकच वस्तू नव्हती. ती दर दशकास बदलत गेली. १९८० ची टॅक्सी करावयाची तर डाव्या बाजूस बाहेर यांत्रिक मीटर आणि त्याचा फिरवावयाचा झेंडा हवा. २००५ ची करावयाची तर सामान ठेवण्याच्या जागेत गॅसचे नळकांडे हवे. क्रमांकाच्या पाटीवर ‘एमएच’ ही अक्षरे घातली, तर ती मोटार १९८९ नंतरची ठरली. आणि हौसेने एखाद्या पनवेलकराने ‘एमएच-४६’ हा आपल्या गावाचा क्रमांक लिहिला, तर तो फसला. कारण तो क्रमांक पनवेलीस मिळाला तेव्हा पद्मिनीचे उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली होती. एका सालचा मीटर, दुसऱ्या सालची पाटी आणि तिसऱ्या सालचे टायर एकत्र आले की मोटार देखणी दिसेल, पण तशी मोटार रस्त्यावर कधीच धावली नव्हती. इतिहास लिहिणाराही याच चुकीला बळी पडतो. निरनिराळ्या काळांतील गोष्टी एका चित्रात भरल्या की चित्र भरगच्च होते आणि खोटे होते.

मळाचा प्रश्नही असाच नाजूक आहे. दुकानातून नुकत्याच आलेल्या मोटारीचा झगझगाट टॅक्सीला शोभत नाही. उलट गंज, धूळ आणि पोचे यांचा भडिमार केला, तर ज्या चालकाने रोज पहाटे ओल्या फडक्याने ती पुसली, त्याच्यावर अन्याय होतो. पावसाळ्यात चाकांच्या कमानींत साचणारा चिखल, दाराच्या मुठीभोवती हातांनी झिजलेला रंग, चालकाच्या बाजूस दबलेली बैठक, एवढी चिन्हे पुरेत. त्यांतून मोटारीबरोबर ती चालविणारा माणूसही दिसू लागतो.

एवढे कष्ट एका वीतभर वस्तूसाठी कशाला, असा प्रश्न सुज्ञ गृहस्थ विचारील. त्याचे उत्तर प्रतिकृती पुरी होण्याआधीच, ती करताना मिळते. ज्या मोटारीतून माणूस हजार वेळा गेला, तिच्या दाराची मूठ कोणत्या बाजूस वळत होती हे त्याला आठवत नाही. ती मूठ स्वतः करावयाची वेळ आली, म्हणजे तो प्रथमच तिच्याकडे पाहतो. मग त्याच्या ध्यानात येते की ही मूठ कोणीतरी रेखाटली होती, कोणीतरी तिचा साचा केला होता, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात कोणीतरी ती मोटारीला बसविली होती. त्यांतील बहुतेकांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. त्यांचे काम तेवढे मापांच्या रूपाने शिल्लक आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी टेबलाशी बसून असा एक भाग घासते, तेव्हा तिच्या हाती त्या अनाम माणसांचे काम येते.

पनवेलीस चाके करणाऱ्या कारागिरांच्या वाट्यास गॅझेटियरमधील एक वाक्य आले. त्या काळी कोणी एखादे चाक मोजून त्याची बोटभर प्रतिकृती करून ठेवली असती, तर आज आरे मोजता आले असते. पद्मिनीच्या बाबतीत वेळ अजून गेलेली नाही. हौशी मालकांनी जपलेल्या काही मोटारी आहेत. कित्येक जुन्या दुरुस्तीखान्यांच्या मागील अंगणात, गवतात चाके रुतलेल्या अशाही काही उभ्या आहेत. त्यांचा पत्रा दर पावसाळ्यात थोडा थोडा झडतो. ज्याच्या हातात फीत आणि वही आहे, त्याने या पावसाळ्याच्या आधी जावे, चाकाला बोल्ट किती आहेत ते मोजावे, आणि लिहून ठेवावे.